पडद्यामागील संगणक (लेखांक सहावा) : पदार्पणाच्या दिवसाची गर्दी

सर्व्हर, म्हणजे असंख्य लोकांच्या मागण्या स्वीकारून त्यांना उत्तरे देणारा दूरस्थ संगणक, एरवी कसा काम करतो याचा विचार मागील लेखांकात झाला. त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक माणसे एकाच क्षणी त्याच्या दाराशी आली तर काय होते आणि ती गर्दी आवरावी कशी, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. अनेकांनी एकत्र खेळावयाच्या ऑनलाइन खेळाचे पदार्पण हा या प्रश्नाचा सर्वांत कठीण नमुना होय, कारण तेथे गर्दी जाहीर केलेल्या मिनिटालाच येते, तिचा खरा आकार आधी कोणालाही ठाऊक नसतो, आणि एकदा आत आलेला खेळाडू तासन्‌तास बाहेर पडत नाही.

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावाला ‘सर्व्हर डाऊन’ या शब्दांची ओळख खेळांपेक्षा सरकारी संकेतस्थळांनी अधिक करून दिलेली आहे, आणि त्यांतील एक प्रसंग येथे मुद्दाम पाहण्याजोगा आहे. अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पूर्वी मुंबई महानगर, पुणे व पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या महानगरी क्षेत्रांपुरती होती; २०२५-२६ या वर्षी ती संपूर्ण राज्याला लागू झाली आणि दिग्रस, दारव्हा, पुसद येथील विद्यार्थीही प्रथमच त्याच एका संकेतस्थळावर आले. १९ व २० मे हे दोन दिवस सरावासाठी दिले गेले होते, प्रत्यक्ष नोंदणी २१ मे रोजी सुरू व्हावयाची होती. परंतु त्या दिवशी संकेतस्थळाने भार पेलला नाही आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. प्रवेश गुणवत्तेनुसार व्हावयाचा असल्याने आधी अर्ज भरणाऱ्याला कोणताही लाभ नव्हता, म्हणजेच सर्वांनी पहिल्याच सकाळी येण्याचे काहीही कारण नव्हते, आणि तरीही सर्व आले, कारण दार सर्वांसाठी एकाच वेळी उघडेल असे सांगितले गेले होते. विभागवार किंवा बैठक क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार वेगवेगळे दिवस दिले असते, तर तेवढीच यंत्रे कदाचित पुरली असती. गर्दी ही बरेचदा वेळापत्रकातून निर्माण होते, आणि म्हणून तिचा पहिला उपायही वेळापत्रकातच शोधावा लागतो. खेळांच्या निर्मात्यांना हे उमगण्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली आहे.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘पोकेमॉन गो’ या खेळाचे आहे. ६ जुलै २०१६ रोजी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये तो प्रथम खुला झाला, तेव्हा निर्मात्यांनी अपेक्षित भार एकपट मानला तर अगदी वाईट परिस्थितीत तो पाचपट होईल असे धरून तयारी केलेली होती. प्रत्यक्षात तो अपेक्षेच्या पन्नासपटीपर्यंत गेला. त्यामुळे उरलेल्या देशांतील पदार्पण रोखून धरले गेले आणि मग जर्मनी, ब्रिटन, जपान असे एकेक दार दिवसांच्या अंतराने उघडण्यात आले. भारताची पाळी तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात आली. येथे अंदाज चुकला याला फारसे महत्त्व नाही, कारण नव्या खेळाच्या लोकप्रियतेचा अंदाज चुकणारच; अंदाज चुकल्यानंतर थांबता यावे यासाठी काही दारे अजून बंद होती, हे महत्त्वाचे.

गर्दी झाली की अधिक यंत्रे लावावीत, ही सर्वांना प्रथम सुचणारी सूचना अर्धीच बरोबर आहे, आणि ती अर्धीच का बरोबर आहे हे समजण्यासाठी खेळाच्या आतील रचना पाहावी लागते. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे खेळाडूंच्या तोंडी असलेले ‘बीजीएमआय’, किंवा पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीचा ‘इंडस’ यांसारख्या खेळांत प्रत्येक सामना ठरावीक संख्येच्या खेळाडूंचा असतो आणि एका सामन्याला दुसऱ्या सामन्याशी काही देणेघेणे नसते. त्यामुळे खेळाडू दुप्पट झाले तर सामने चालवणारी यंत्रे दुप्पट करावीत, हा हिशेब तेथे बहुतांशी चालतो. परंतु सामन्यात शिरण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूची ओळख पटवावी लागते, त्याच्या खात्यातील वस्तू, गुण आणि मित्रांची यादी आणावी लागते, आणि तुल्यबळ प्रतिस्पर्धी शोधून त्याला सामन्यात बसवावे लागते, ज्याला जुळवणी म्हणतात. ही सर्व कामे अखेर एका सामाईक डेटाबेसकडे, म्हणजे नोंदींच्या मध्यवर्ती वहीकडे, येऊन पोहोचतात आणि त्या वहीची सहज दुसरी प्रत काढता येत नाही, कारण दोन प्रतींत एकाच खेळाडूची दोन वेगळी खाती दिसू लागली तर खेळच मोडतो. पदार्पणाच्या दिवशी तुंबते ते बहुधा मैदानाचे फाटक, मैदान नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ या खेळाच्या निर्मात्यांनी एका वेळी खेळू शकणाऱ्यांची मर्यादा आधी साडेचार लाखांवर ठेवली आणि नंतर ती सात लाखांपर्यंत नेली. मधल्या काळात त्यांच्या प्रमुखांनी उघडपणे सांगितले, की अडचण पैशांची किंवा सर्व्हर विकत घेण्याची नसून मागची आज्ञावली एवढ्या भारासाठी नव्याने सुधारण्याची आहे, आणि त्या कामाला माणसांचा वेळच लागतो.

एकाच अखंड जगात हजारो खेळाडू वावरतात अशा खेळांची अडचण याहून वेगळी असते, कारण तेथे जग वाढवणे म्हणजे जगाच्या प्रती काढणे आणि प्रती काढल्या की मित्र एकमेकांना अंतरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ने त्यावर तात्पुरत्या थरांचा तोडगा काढला : नाव एकच असलेल्या जगाचे आरंभी अनेक समांतर थर ठेवायचे आणि गर्दी ओसरली की ते काढून टाकायचे. ही ओसरती गर्दीच निर्मात्याचा हात आखडता ठेवते. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या रांगा इतक्या लांबल्या की घाईने नवनवी जगे उघडावी लागली, आणि पुढे खेळाडू पांगल्यावर तीच जगे एकमेकांत विलीन करावी लागली.

भाड्याची यंत्रे गरजेप्रमाणे आपोआप वाढवणारी व्यवस्था, जिला स्वयंविस्तार म्हणता येईल, आज सर्वत्र उपलब्ध आहे, पण तिला भार वाढल्याचे ओळखून नवे यंत्र कामाला लावण्यास काही मिनिटे लागतात आणि पदार्पणाची लाट काही सेकंदांत येते. २०१९ च्या विश्वचषकातील भारत-न्यूझीलंड उपान्त्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक पाहत होते. अशा सामन्यांसाठी त्या कंपनीने स्वयंविस्तारावर विसंबून न राहता प्रेक्षकसंख्येचे टप्पे आधी ठरवून, त्या त्या टप्प्यापूर्वीच यंत्रे सज्ज ठेवण्याची पद्धत स्वीकारली होती. तेथील अभियंत्यांनी नोंदवलेली आणखी एक गोष्ट खेळांनाही तंतोतंत लागू पडते : धोनी बाद झाला की प्रेक्षक सामना सोडून मागे फिरतात आणि सर्व एकदम मुखपृष्ठावर येतात, म्हणजे ज्या यंत्रांवर तोवर भार नव्हता त्यांच्यावर तो अकस्मात कोसळतो. खेळाचा सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो तेव्हा हेच घडते. बाहेर फेकले गेलेले सारे खेळाडू त्याच क्षणी पुन्हा लॉगिन करू लागतात आणि नुकतेच उठून बसलेले यंत्र पुन्हा आडवे होते. त्यावरचा उपाय खेळाडूच्या हातातील ॲपमध्ये असतो : पहिला प्रयत्न फसला तर थोडे थांबावे, दुसरा फसला तर त्याच्या दुप्पट थांबावे, आणि या थांबण्यात प्रत्येक फोनने थोडा यादृच्छिक फरक करावा, जेणेकरून लाखो फोन एका तालात दार ठोठावणार नाहीत.

एवढे करूनही जे मावत नाहीत त्यांच्यासाठी रांग लागते. कापूस खरेदीच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात टोकन दिले जाते तेव्हा गाडीवाल्याला आपल्यापुढे किती गाड्या आहेत आणि काटा किती वेगाने चालला आहे हे दिसते, म्हणून तो थांबतो. खेळाच्या रांगेचेही नेमके हेच काम आहे. रांग ही अपयशाची खूण मानली जाते, हे बरोबर नाही. क्षमतेपेक्षा अधिक लोकांना आत घेणारा सर्व्हर आत असलेल्यांचाही खेळ बिघडवतो आणि अखेरीस कोसळून सर्वांनाच बाहेर काढतो. रांग लावणारा सर्व्हर काहींना थांबवून उरलेल्यांना नीट खेळू देतो.

रांगेचे गणित जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन कॉलांच्या गर्दीवर निबंध लिहिला, आणि १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एका साध्या नियमाची सिद्धता दिली : आत असलेल्यांची सरासरी संख्या ही दर मिनिटाला येणाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाच्या मुक्कामाचा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. समजा, एका सर्व्हरची क्षमता २४,००० खेळाडूंची आहे आणि खेळाडू सरासरी ४० मिनिटे खेळतो. तर दर मिनिटाला ६०० जण बाहेर पडतात आणि रांगेत सहा हजाराव्या स्थानी असलेल्याला दहा मिनिटांत प्रवेश मिळतो. पदार्पणाच्या दिवशी मात्र सर्वांना नवलाई असते, मुक्काम ४० मिनिटांवरून २०० मिनिटांवर जातो, दर मिनिटाला केवळ १२० जण बाहेर पडतात आणि त्याच सहा हजाराव्या खेळाडूला ५० मिनिटे तिष्ठावे लागते. यंत्रे तीच, रांग तेवढीच, तरी प्रतीक्षा पाचपट. त्यात भर म्हणजे पुन्हा रांगेत उभे राहण्याच्या भीतीने लोक जेवायला उठतानाही खेळ चालू ठेवून जातात आणि मुक्काम आणखी लांबतो. म्हणून काही वेळ हालचाल न करणाऱ्या खेळाडूला आपोआप बाहेर काढण्याचा नियम कठोर वाटला तरी न्याय्य आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘फायनल फँटसी १४’च्या ‘एंडवॉकर’ या नव्या भागाच्या वेळी, अर्धवाहकांच्या जागतिक टंचाईमुळे नवी यंत्रे मिळत नसताना, निर्मात्यांनी याहून पुढे जाऊन खेळाची विक्रीच काही आठवडे थांबवली आणि चालू वर्गणीदारांना प्रथम सात व नंतर चौदा दिवस विनामूल्य दिले. नवे पैसे येण्याचे दार बंद करून आधीच्यांची सोय पाहणारा हा निर्णय व्यापारात विरळाच.

भारतातील अनुभव टप्प्याटप्प्याच्या प्रवेशाचा आहे. ‘बीजीएमआय’ जून २०२१ मध्ये प्रथम मर्यादित संख्येच्या चाचणी-खेळाडूंसाठी खुला झाला, २ जुलैला सर्व अँड्रॉइड फोनांवर आला आणि आयफोनवर त्यासाठी ऑगस्ट उजाडला. ‘इंडस’साठी एक कोटीहून अधिक लोकांनी पूर्वनोंदणी केली होती, पण १६ ऑक्टोबर २०२४ च्या खुल्या पदार्पणापूर्वी निवडक खेळाडूंच्या बंदिस्त चाचण्या घेतल्या गेल्या. अशा चाचण्यांत दोष सापडतात हा लाभ आहेच, शिवाय खेळाडू किती वेळ खेळतो, किती वेळा पुन्हा लॉगिन करतो, ही वरच्या गणिताला लागणारी खरी मापे हाती येतात, आणि अकरावीच्या सरावाचे दोन दिवस नेमके याच कसोटीवर तपासून पाहायला हवे होते.

आता राहतो तो दिग्रसच्या खेळाडूचा प्रश्न, आणि रांगांची रचना करणाऱ्यांनी त्याचा विचार सर्वांत कमी केलेला आहे. दिग्रसपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर आणि सिंगापूर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, साधारण दोनशे किलोमीटर जातो, म्हणून मुंबईच्या सर्व्हरशी जाण्यायेण्याला किमान पाच आणि सिंगापूरशी किमान पस्तीस मिलिसेकंद लागणारच, आणि वाटेतील जोडण्यांमुळे प्रत्यक्षातील ‘पिंग’, म्हणजे हा जाण्यायेण्याचा वेळ, त्याहून बराच मोठा असतो. मुंबईतील यंत्रे भरली की गर्दी सिंगापूरकडे वळवणे निर्मात्याला सोपे असते, पण नेमबाजीच्या खेळात त्याची किंमत खेळाडू भरतो. त्याहून मोठी अडचण प्रतीक्षेची आहे. पन्नास मिनिटांच्या रांगेत मोबाइलची रेंज एकदाही जाणार नाही किंवा वीज जाऊन राउटर बंद पडणार नाही, असे महानगरातील पक्क्या जोडणीचा माणूस गृहीत धरू शकतो, तालुक्याच्या गावातला धरू शकत नाही. रांग जर जोडणी तुटताच माणसाला शेवटी ढकलत असेल, तर कागदावर सर्वांना समान असलेला तो नियम प्रत्यक्षात कमकुवत नेटवर्क असलेल्या प्रत्येक गावाला वारंवार मागे टाकतो, आणि पुन्हापुन्हा पहिल्यापासून लॉगिन करणाऱ्या त्या खेळाडूंमुळे फाटकावरचा भारही वाढतो. रांगेतील स्थान खेळाडूच्या खात्याशी बांधून, जोडणी तुटल्यावर पाच-दहा मिनिटे ते राखून ठेवण्यासाठी सर्व्हरला प्रत्येक माणसामागे एका छोट्या नोंदीपलीकडे काही खर्च येत नाही, आणि ‘सवलतकाळ’ या नावाने ओळखता येईल अशी ही तरतूद पदार्पणापूर्वीच्या चाचणीतच, रेंज मुद्दाम तोडून, तपासता येते.