विश्लेषण : साइडकार चालवायला बाइकचा अनुभव पुरेसा का नाही?

‘शोले’मधील (1975) जय-वीरूच्या जोडीने साइडकार घराघरांत पोहोचवली. एके काळी मुंबई-पुण्यात साइडकार जोडलेली स्कूटर ही अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांची ‘मोटार’च होती. वयस्कर आईवडिलांना बाइकवर मागे बसवायची भीती वाटते, म्हणून काहींना आजही हा पर्याय खुणावतो. मात्र वसई-विरारच्या रस्त्यांवर साइडकार उतरवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही गाडी दुचाकीसारखी दिसत असली, तरी दुचाकीसारखी वळत नाही.

नेमका फरक काय?

बाइक वळताना झुकते. वेगात डावीकडे वळायचे तर आपण नकळत हँडलची डावी बाजू पुढे ढकलतो. हँडल क्षणभर उजवीकडे फिरते, बाइक डावीकडे झुकते आणि वळते. साइडकार जोडली की गाडी झुकूच शकत नाही. हँडल जिकडे फिरेल तिकडेच ती जाते. त्यामुळे अचानक कोणी आडवे आले, तर 20 वर्षे बाइक चालवलेला हात सवयीने हँडल उलट्या दिशेला फिरवू शकतो.

गाडी एका बाजूला का ओढते?

आपल्याकडे साइडकार डावीकडे असते आणि इंजिनाची ताकद बाइकच्या मागच्या चाकाला मिळते. ॲक्सिलरेटर दिला की बाइक पुढे धावते, साइडकार मागे रेंगाळते आणि गाडी डावीकडे ओढली जाते. ब्रेक दाबल्यावर उलटे घडते. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल, तर तिचे वजन पुढे रेटते आणि गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिशेने सरकते.

डावे वळण अधिक धोक्याचे का?

डावीकडे वळताना भार उजवीकडे जातो आणि साइडकारचे चाक हलके होते. वेग जास्त असेल, तर ते रस्त्यावरून उचलले जाते. साइडकार रिकामी असेल तर हा धोका वाढतो. चाक उचलल्यास ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करून हँडल थोडे सरळ करावे लागते. पण तेवढ्यात गाडी पलीकडच्या मार्गिकेत जाऊ शकते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करणे हाच खरा उपाय आहे.

प्रशिक्षणात काय शिकावे?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तीनचाकी मोटारसायकलसाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि त्यासाठी स्वतंत्र वर्गही चालतात. सराव वाहतुकीपासून दूर, मोकळ्या जागेत शंकू मांडून करायचा असतो. क्रम साधारण असा :

• रिकाम्या साइडकारमध्ये वाळूची पोती ठेवा. सराव करताना माणूस बसवू नका.

• आधी सरळ रेषेत चालवून थांबा. गाडी कुठे ओढते, ते हाताला कळू द्या.

• मग दोन्ही दिशांना वळणे घ्या आणि ‘8’चा आकडा काढा.

• अचानक ब्रेक दाबण्याचा सराव कमी वेगापासून सुरू करा.

• थांबताना पाय खाली टेकवू नका. डावा पाय साइडकारच्या जोडणीत अडकू शकतो.

वसई-विरारमध्ये कोणती काळजी घ्यावी?

तीन चाके दोन वेगवेगळ्या रेषांत धावतात. पुढच्या चाकाने चुकवलेला खड्डा साइडकारच्या चाकाला हमखास सापडतो. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा तर दिसतही नाही. गावठाणातील अरुंद गल्ल्यांत डावीकडच्या कुंपणाचा अंदाज चुकतो, तर स्थानक परिसरातील कोंडीत बाइकसारखे फटीतून निघता येत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(27) मधील ‘मोटारसायकल’च्या व्याख्येतच काढता-जोडता येणाऱ्या साइडकारचा समावेश आहे. मात्र नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास कलम 52 मनाई करते. त्यामुळे साइडकार विकत घेण्यापूर्वीच वसईच्या परिवहन कार्यालयात (एमएच-48) चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. कलम 129 नुसार, पगडी घातलेल्या शिखांचा अपवाद वगळता, चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. यात साइडकारमध्ये बसणारेही आले.

थोडक्यात, परवाना खिशात असला, तरी पहिले काही रविवार मोकळ्या मैदानातच घालवा. आईला साइडकारमध्ये त्यानंतर बसवा.