मोटारगाडीची उचल आणि कामगाराची सुरक्षितता

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील सर्जापूर रोड हा माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आणि मोठी निवासी संकुले यांसाठी ओळखला जातो. मोटारगाड्या वाढल्या तशी तेथे दुरुस्तीची लहान-मोठी गॅरेजेसही उभी राहिली. दोन खांबांच्या हायड्रॉलिक लिफ्टवर गाडी डोक्याच्या वर उचलली जाते आणि कामगार तिच्याखाली उभा राहून काम करतो. एक टनाहून अधिक भार केवळ चार बाहूंवर तोललेला असतो. त्यामुळे गाडी लिफ्टवर नेमकी कोठे ठेवावयाची, हा कामगाराच्या जीविताचा प्रश्न ठरतो.

समतोलाचे शास्त्र

गाडीचा गुरुत्वमध्य चारही पॅडनी वेढलेल्या क्षेत्रात आणि शक्यतो दोन्ही खांबांना जोडणाऱ्या रेषेजवळ असला पाहिजे. तो गाडीच्या मध्यावर असतोच असे नाही. समजा, १,२०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीच्या दोन आसांमधील अंतर २.५ मीटर असून पुढील चाकांवर ७२० व मागील चाकांवर ४८० किलोग्रॅम भार आहे. आघूर्णाच्या नियमानुसार गुरुत्वमध्य पुढील आसापासून १ मीटरवर, म्हणजे मध्यबिंदूच्या २५ सेंटिमीटर पुढे येतो. आता पुढील आसाच्या रेषेतील २०० किलोग्रॅमचे इंजिन काढले, तर तो १.२ मीटरवर सरकतो. उचलताना सुरक्षित असलेली गाडी काम सुरू असताना मागे झुकू शकते, ती याच कारणाने. म्हणून जड भाग काढण्यापूर्वी गाडीला उंच स्टँडचा आधार देणे आवश्यक असते.

उचलण्याची पद्धत

प्रथम गाडीचे वजन लिफ्टच्या क्षमतेत बसते की नाही ते पाहावे. गाडीत कोणी बसलेले नसावे. ती दोन्ही खांबांच्या मधोमध सरळ उभी करून पॅड उत्पादकाने नेमून दिलेल्या आधारबिंदूंखालीच लावावेत. गंजलेला पत्रा, इंधनाची नळी वा तेलाची टाकी यांवर भार येऊ देऊ नये. विद्युत मोटारीत बॅटरी तळाशी असल्याने तिच्या आवरणाला पॅड टेकणार नाही, ही दक्षता अधिकची. चाके जमिनीपासून किंचित सुटताच लिफ्ट थांबवावी, गाडी हलकेच हलवून चारही पॅड तपासावेत आणि शंका आल्यास गाडी खाली घेऊन पुन्हा मांडणी करावी. इच्छित उंचीवर पोहोचल्यानंतर भार यांत्रिक कुलुपांवर टेकवावा. केवळ तेलाच्या दाबावर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

कायद्याची कक्षा

राज्यघटनेतील अनुच्छेद ४२ कामाच्या न्याय्य व मानवोचित परिस्थितीची तरतूद करण्याचा निर्देश राज्यसंस्थेला देतो. श्रमिक कल्याण हा समवर्ती सूचीतील विषय आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा १० वरून २० करण्यात आली आहे. परिणामी, चार-पाच कामगारांचे गॅरेज सामान्यतः या कक्षेबाहेर राहते. लिफ्टवरील धोका मात्र कामगारसंख्येनुसार कमी होत नाही.

ही उणीव काही अंशी प्रशिक्षणाने भरून निघू शकते. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्पकार प्रशिक्षण योजनेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. परंतु उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेल्या तरुणांपर्यंत हे शिक्षण आपोआप पोहोचत नाही. त्यांच्यासाठी अल्पकालीन वर्ग घेणे, प्रत्येक लिफ्टजवळ स्थानिक भाषेत सूचनाफलक लावणे आणि तिची ठरावीक काळाने जाणकारांकडून तपासणी करणे, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिसराला कामगारांच्या मूलभूत हक्कांत स्थान दिले. लहान गॅरेजमधील कामगारही या हक्काचा तितकाच अधिकारी आहे.