कार्ड आलं का?

“काय वो काकू, लेकाचं कार्ड आलं का न्हाई अजून?”

पूर्वी गावात असा प्रश्न कुणी विचारला तर तो रेशनकार्डाबद्दल असायचा. आता ग्रीन कार्डाबद्दलही असतो. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचं मोडनिंब काही फार मोठं गाव नव्हे. माढा तालुक्यातलं, ऊस-ज्वारीचं गाव. पण अशा गावांतलीही मुलं सोलापूर-पुण्याला इंजिनियरिंग शिकली, हिंजवडीच्या कंपन्यांत लागली आणि तिथून अमेरिकेला गेली. पाठोपाठ लग्नं झाली, सुना गेल्या, तिकडेच नातवंडं झाली. अशा घरांत दहा-दहा वर्षं एकच उत्तर ऐकू येतं, “अजून नाही. वाट बघतोय.”

वाट बघणं आपल्या बायकांना नवं नाही. पण ही वाट कसली, इतकी लांब का आणि ती सरेपर्यंत घरच्या बाईने काय करावं, हे फार थोड्या जणींना नीट ठाऊक असतं. पुरुषमंडळी “ते वकील बघतोय” एवढ्यावर विषय मिटवतात. मैत्रिणींनो, ज्या कागदावर आपला सगळा संसार उभा आहे, तो आपणही वाचायला हवा.

अर्ज मुलाचा नसतो, कंपनीचा असतो

अमेरिकेत नोकरीला जाणारा आपला मुलगा बहुधा एच-१बी नावाच्या व्हिसावर जातो. हा तात्पुरता परवाना. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा आणि एकूण सहा वर्षांचा. त्याची बायको आणि मुलं एच-४ व्हिसावर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून म्हणून जातात. कायमचं राहायचं तर ग्रीन कार्ड लागतं, आणि ते बहुतेकांसाठी त्यांच्या कंपनीनेच मागावं लागतं.

त्याच्या पायऱ्या तीन. पहिली कामगार खात्याची. “आम्ही जाहिराती दिल्या, पण ह्या कामाला योग्य असा इथला माणूस मिळाला नाही” हे कंपनीने दाखवून द्यायचं. ह्याला ‘पर्म’ म्हणतात. ह्यातच दीड-दोन वर्षं सहज जातात. ह्या पायरीचा वकिलासकट सगळा खर्च कंपनीने करायचा असा नियम आहे, हे लक्षात असू द्या. दुसरी पायरी आय-१४० अर्जाची. माणूस त्या कामाला लायक आहे आणि कंपनीला त्याचा पगार झेपतो, हे त्यात तपासतात. तिसरी आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष कार्डाचा अर्ज. आपलं घोडं अडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये.

दर्शनबारी, पण वेगळ्या नियमाची

नोकरीच्या वाटेने मिळणारी कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार. १९९० च्या कायद्याने हा आकडा ठरवला. त्यात नोकरदाराबरोबर त्याची बायको-मुलंही मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना शंभरातली साधारण सातच.

मोडनिंबहून पंढरपूर जवळ, तेव्हा तिथलाच दाखला घेऊ. आषाढीला दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहावं लागतं, पण जो आधी आला तो आधी आत जातो. समजा उद्या असा नियम निघाला की गाव लहान असो की मोठं, शंभर माणसांत एका गावाची सातच सोडायची. मग दहा घरांच्या वाडीचे वारकरी सकाळी आत जाऊन दुपारी घरी जेवायला येतील, आणि सोलापूरची मंडळी कार्तिकीपर्यंत बारीतच राहतील. भारताचं नेमकं हेच झालं आहे. अर्जदार लाखांनी, आणि वाटा लहान देशाएवढाच.

पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला ती तारीख म्हणजे ह्या बारीतला आपला नंबर. तिला प्रायॉरिटी डेट म्हणतात. दर महिन्याच्या मध्याला तिथलं परराष्ट्र खातं पुढच्या महिन्याचं पत्रक काढतं, ‘व्हिसा बुलेटिन’. कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली, हे त्यात असतं. २०२५ साली भारतीयांच्या दोन मोठ्या रांगांत २०१२-१३ साली नंबर लावलेल्यांची पाळी चालू होती. ही तारीख कधी पुढे सरकते, कधी थबकते आणि कधी चक्क मागे येते. म्हणून “पुढच्या वर्षी नक्की” असं कुणी सांगितलं तरी पाण्यातल्या म्हशीचं मोल करू नये.

फुलं पाठवली तेव्हाची गोष्ट

२००७ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं की जुलैत जवळजवळ सगळ्या रांगा खुल्या. लोकांची एकच धांदल उडाली. डॉक्टरी तपासण्या झाल्या, भारतातून जन्मदाखले मागवले गेले. आणि २ जुलैला खात्याने सांगितलं, नंबर संपले, अर्ज घेणार नाही!

आपल्या लोकांनी काय केलं? आदल्या वर्षीच ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन गेला होता. त्यांनी इमिग्रेशन खात्याचे प्रमुख एमिलिओ गोन्झालेस यांच्या पत्त्यावर फुलांचे गुच्छ पाठवायला सुरुवात केली. गुच्छांचा ढीग झाला. गोन्झालेस यांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या इस्पितळात पाठवली. १७ जुलैला खात्याने निर्णय फिरवला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. गांधीगिरी फळाला आली. तरी अर्ज घेतला म्हणजे कार्ड मिळालं असं नव्हे. त्यातल्या कितीतरी जणांना त्यापुढेही अनेक वर्षं थांबावं लागलं.

पुढे देशवार वाटा काढून टाकणारं एक विधेयक १० जुलै २०१९ रोजी त्यांच्या खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. २०२० च्या डिसेंबरात वरच्या सभागृहाने आपलं वेगळं विधेयक मंजूर केलं. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि कायदा झालाच नाही.

सुनेचा कागद नवऱ्याच्या कागदाला बांधलेला

ह्या सगळ्यात बाईची जागा फार नाजूक. तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला, आणि नवऱ्याचा कंपनीला. एम. एस्सी. झालेली, पुण्यात स्वतःच्या पगारावर राहिलेली मुलगी तिथे गेल्यावर नोकरी करू शकत नसे. २६ मे २०१५ पासून नियम बदलला. नवऱ्याचा आय-१४० मंजूर झाला असेल, किंवा अर्ज चालू म्हणून त्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तर एच-४ वरच्या बायकोला कामाचा परवाना मागता येतो. म्हणजे दुसरी पायरी ही नुसती नवऱ्याच्या फाईलची बाब नाही, सुनेच्या नोकरीची किल्ली तीच आहे.

नवऱ्याची नोकरी गेली तर? २०१७ पासून साठ दिवसांची सवलत आहे, व्हिसाची मुदत त्याआधी संपत नसेल तर. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केला पाहिजे, नाहीतर दुसरी सोय करावी किंवा सामान बांधावं. मात्र आय-१४० मंजूर झालेला असला तर रांगेतला जुना नंबर सहसा बुडत नाही. नव्या कंपनीला पहिल्या दोन पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात, पण नंबर जुनाच धरतात.

आणि नवराच गेला तर? २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सस राज्यातल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचिभोतला ह्या हैदराबादकडच्या इंजिनियरचा वंशद्वेषातून गोळी घालून खून झाला. त्यांची पत्नी सुनयना दुमाला ह्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळलाच, शिवाय त्यांचा तिथे राहण्याचा हक्कही नवऱ्याबरोबर गेला. लोकप्रतिनिधी केव्हिन योडर ह्यांनी खटपट केल्यावर त्यांना परत जाऊन काम करण्याची परवानगी मिळाली. ज्या बाईचं नाव वर्तमानपत्रात येत नाही, तिच्यासाठी कोण धावणार?

मुलांचीही तीच तऱ्हा. थोरली इथे जन्मलेली, धाकटा तिथे. धाकटा जन्मानेच अमेरिकन. थोरली दोन वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून गेली, शाळा-कॉलेज सगळं तिथलं. पण एकवीस वर्षं पूर्ण झाली की ती वडिलांच्या फाईलवरून उतरते. २००२ च्या एका कायद्याने वयातून काही दिवस वजा धरता येतात, तरी रांग एवढी लांब असताना तेवढं पुरत नाही. मग विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा काढायचा. एकाच घरातल्या भावाबहिणीचे असे दोन देश होतात.

मोडनिंबात बसून काय करता येईल?

पाळी आली की कागद मागितले जातात, आणि ते कागद तिकडे नसतात, इकडे असतात. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे असते, सासरच्या गावी नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे मुलगा मोडनिंबचा असला तरी त्याची नोंद त्याच्या आजोळी, नाहीतर बाळंतपण कुर्डुवाडी, पंढरपूर किंवा सोलापूरच्या दवाखान्यात झालं असेल तर त्या गावच्या नगरपालिकेत वा महापालिकेत. सुनेची नोंद शोधायची तर तिच्या आजोळापासून सुरुवात करावी. नोंद सापडलीच नाही तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्यावा. त्याच्या जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं लागतात. ही माणसं आहेत तोवरच ती करून ठेवावीत.

दुसरी अडचण नावाची. लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने लिहिलेलं नाव किती गोड! पण जन्मदाखल्यात सुनीता, पत्रिकेत सुप्रिया आणि पासपोर्टवर तिसरंच, म्हणजे परक्या अधिकाऱ्याला त्या तीन बायका वाटतात. ज्या घरातून मुलगी परदेशी जायची आहे तिथे हौसेखातर घरात हाक मारा हवी ती, कागदावर मात्र माहेरचंच नाव राहू द्या. लग्नानंतर नाव बदलण्याची पासपोर्टसाठी सक्ती नाही. आधीच बदललं असेल तर सरकारी राजपत्रातल्या प्रसिद्धीची प्रत जपून ठेवा. लग्नाची रीतसर नोंदणी करून घ्या. लग्नपत्रिका आणि अल्बम त्याची जागा घेत नाहीत.

तिसरी गोष्ट स्थळ बघणाऱ्या आईंसाठी. नोकरीच्या वाटेने मुलाला कार्ड मिळण्याच्या आधी लग्न झालेलं असेल तर बायको त्याच फाईलवर कार्डाची हक्कदार होते. मुलाला कार्ड मिळाल्यावर लग्न केलं तर बायकोसाठी वेगळा अर्ज आणि वेगळी रांग. “मुलाचं कार्ड झालेलं आहे” हे ऐकून खूष होण्याआधी “मग आमची मुलगी तिकडे केव्हा आणि कशी जाणार?” हे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि सासूबाईंनो, मुलाचं कार्ड आलं म्हणजे आपलंही आलं असं नाही. त्या फाईलवर फक्त बायको आणि एकवीसच्या आतली अविवाहित मुलं. आईवडिलांसाठी मुलाने आधी अमेरिकन नागरिक व्हावं लागतं, आणि कार्डानंतर त्याला साधारण पाच वर्षं जातात. तोवर आपण पाहुण्याच नात्याने जायचं.

येणं-जाणं

पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल तर इकडे आलेल्या माणसाला परत जाताना मुलाखत देऊन नवा शिक्का घ्यावा लागतो. २०२५ च्या डिसेंबरात नव्या तपासणीमुळे भारतातल्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. लग्नकार्याला म्हणून आलेली माणसं इथे अडकली, त्यांची मुलं नि नोकऱ्या तिकडे. म्हणूनच मुलगा वडिलांच्या दहाव्यालाही येत नाही आणि फोनच्या पडद्यावर सगळं बघतो, तेव्हा “पैशापुढे बाप विसरला” असं म्हणण्याआधी त्याच्या शिक्क्याची तारीख आठवावी. त्याच्या मागे तिथे बायको आणि मुलांचं सगळं टांगलेलं असतं.

ऑस्ट्रेलियातही कंपनीच्या शिफारशीवर कायम राहण्याचा व्हिसा मिळतो, त्याला १८६ क्रमांकाचा म्हणतात. तिथे देशवार वाटा नाही. त्यामुळे वाट वर्ष-दोन वर्षांची, आपल्या अमेरिकेच्या रांगेसारखी पिढीभराची नाही. पण वयाची अट साधारण पंचेचाळिसाच्या आत आणि इंग्रजीची परीक्षा, ह्या गोष्टी आधी बघून ठेवाव्यात.

तोवर काय?

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पुढे ढकलण्यात. कार्ड आल्यावर घर घेऊ, कार्ड आल्यावर दुसरं मूल, कार्ड आल्यावर शिकू, कार्ड आल्यावर आईला भेटू. असं म्हणता म्हणता तिशीतल्या सुनेची चाळिशी येते आणि आईची सत्तरी. पत्रकाची तारीख ना सुनेच्या हातात, ना मुलाच्या, ना कंपनीच्या. ज्या गोष्टी हातात आहेत त्या मात्र करता येतात. सुनेने आपल्या नावाचं बँकेचं खातं ठेवावं, जमेल तो अभ्यासक्रम करावा, कामाचा परवाना संपण्याच्या सहा महिने आधी नव्याची तयारी करावी. नवराबायकोने विमा आणि मृत्युपत्र करावं. अशुभ म्हणून टाळू नये.

आणि एक स्वतंत्र फाईल तिच्या कपाटात असू द्यावी: आय-१४० च्या मंजुरीची प्रत (ती कंपनीकडे असते, मागून घ्यावी), प्रायॉरिटी डेट, सगळ्यांच्या पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आणि मुदती, जन्माचे आणि लग्नाचे दाखले, वकिलाचं नाव नि फोन. अशीच दुसरी फाईल मोडनिंबच्या घरी, सासूबाईंच्या ट्रंकेत. कधी रात्री दोन वाजता तिकडून फोन आला आणि एखादा दाखला हवा झाला, तर घर उलथंपालथं न करता हात घालून काढता आला पाहिजे.