लिनक्सवर आवाज येत नाही? ड्रायव्हर सोर्समधून घेण्याआधी हे ऐका

उद्या ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि स्पीकर गप्प. नेटवर सगळे सांगतात, "ड्रायव्हर सोर्समधून कंपाइल कर." करायचं का? आधी समजून घेऊ.

लिनक्सचा साउंड ड्रायव्हर हे ॲप नाही, तो कर्नलचाच भाग असतो. त्या यंत्रणेचं नाव अल्सा. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये हे काम सुरू केलं आणि २००३ च्या २.६ कर्नलमध्ये ती मुख्य यंत्रणा झाली. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तीच आहे.

मग नव्या लॅपटॉपवर आवाज का नाही? साउंड चिप ओळखीची असते, पण स्पीकर तिच्या कुठल्या पिनला जोडायचा हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. बायोसने ती माहिती चुकीची दिली, तर ड्रायव्हरमध्ये त्या मॉडेलची खास नोंद लागते. अशी नोंद बऱ्याचदा नव्या कर्नलमध्ये आलेली असते, तुमच्या जुन्यात नसते.

आता क्रम ऐका. आधी टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडा. चॅनलखाली दोन एम दिसले, तर तो फक्त म्यूट आहे. मग 'डीमेसेज' बघा. फर्मवेअर फाइल सापडत नाही असं लिहिलं असेल, तर फर्मवेअरचं पॅकेज टाका, कंपाइल करायची गरज नाही. तरी जमलं नाही, तर तुमच्या डिस्ट्रोने दिलेला नवा कर्नल वापरून बघा.

हे सगळं करून झालं, तरच सोर्स. नव्या कर्नलचा सोर्स उतरवा, चालू कर्नलची कॉन्फिग फाइल त्यात कॉपी करा. मग 'मेक ओल्डडेफकॉन्फिग', मग नुसतं 'मेक'. याला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा. शेवटी रूट म्हणून आधी 'मेक मॉड्यूल्स अंडरस्कोर इन्स्टॉल' आणि मग 'मेक इन्स्टॉल'.

एका कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल दुसऱ्यात उचलून टाकू नका. आवृत्ती जुळली नाही तर कर्नल ते घेतच नाही. सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला कर्नलही बहुतेक वेळा अडतो.

आणि जुना कर्नल अजिबात काढू नका! नवा बिघडला तर ग्रबच्या मेनूतून जुना निवडता येतो. आवाज नसला तरी लॅपटॉप चालू असतो. इंटरव्ह्यू काय, इअरफोन लावून फोनवरूनही देता येईल.

भेटू पुढच्या भागात!