ठासणीच्या बंदुकीबरोबर मागे पडलेला 'लोपर'

एकोणिसाव्या शतकातला दक्षिण आफ्रिकेतला बोअर शेतकरी शिकारीला निघाला की त्याच्याजवळ दोन प्रकारचं शिसं असे. एक मोठी, नळीत घट्ट बसणारी गोळी. ती हत्ती आणि रानरेड्यासाठी. दुसरे जाड छर्रे, एका बारात बरेचसे एकदम भरायचे. या छर्र्यांचं नाव 'लोपर'.

शब्द डच. १६५२ साली यान फान रिबेक याने केप इथे डच ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं वसवलं, ते पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी आणि मांस मिळावं म्हणून. पुढे तिथले शेतकरी, म्हणजेच बोअर, गुरंढोरं घेऊन आत आत सरकत गेले. त्यांची डच बदलत बदलत आफ्रिकान्स झाली. डच भाषेत 'लोपन' म्हणजे चालणं किंवा धावणं, 'लोपर' म्हणजे धावणारा. आणि बंदुकीची नळी म्हणजे 'लोप'. त्यांच्या अवजड बंदुकीला 'रूर' म्हणत. चकमकीच्या बंदुकीचं 'स्नापहान' हे डच नाव घासून घासून 'सना' झालं, एखाद्या बाईच्या नावासारखं.

दारू आणि शिसं विकत आणावं लागे, गोळ्या मात्र घरी होत. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे साधा विस्तव पुरे. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, गार झाल्यावर कडा तासायच्या. मोठ्या जनावराची जाड कातडी भेदायची असेल तर शिशात थोडं कथील मिसळून गोळी टणक करत.

ठासणीच्या बंदुकीत आधी दारू, मग शिसं, मग गजाने ठासणं, असा क्रम. घट्ट गोळी बसवायला वेळ लागे. छर्रे सैल असत, नळीत भरभर उतरत आणि बाहेर पडताच फाकत. नेम थोडा चुकला तरी एखादा तरी लागे. लांबच्या जनावरावर ते वाया जात; जवळ आलेल्या हरणावर किंवा गोठ्याभोवती फिरणाऱ्या बिबट्यावर मात्र उपयोगी पडत.

शिकारीचं हे तंत्र लढाईतही उतरलं. १६ डिसेंबर १८३८ रोजी न्कोमे नदीकाठी बोअर पुढारी आंद्रिस प्रिटोरियसच्या सुमारे ४७० माणसांनी ६४ गाड्यांचा कोट करून हजारो झुलू योद्ध्यांना तोंड दिलं. जाड छर्रे चामड्याच्या पुरचुंड्यांत बांधून झाडल्याचं या लढाईच्या वर्णनांत येतं. पुरचुंडी हवेत फुटली की समोरच्या दाटीत छर्रे पसरत. बोअरांच्या मोजणीप्रमाणे ३,००० हून अधिक झुलू पडले. प्रिटोरियसच्या बाजूला तिघे जखमी झाले.

केप इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर तिथे स्थायिक झालेल्या इंग्रजांनी बोअरांकडून शिकार शिकली आणि तिचे शब्दही घेतले. 'ट्रेक' जगभर गेला. लोपर मात्र दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीतच राहिला.

या शिकारयुगाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्स पथकातला विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस आजारपणाच्या रजेवर केपला गेला आणि १८३६-३७ मध्ये आतल्या मुलखात शिकारीला निघाला. मागालीसबर्ग डोंगरांत त्याने काळ्या रंगाचं, बाकदार शिंगांचं हरीण टिपलं. ते युरोपीय विज्ञानाला नवं होतं. त्याचं प्रवासवर्णन पहिल्यांदा छापलं गेलं ते लंडनला नव्हे, १८३८ साली मुंबईत. हॅरिस वारला १८४८ मध्ये, पुण्याजवळ.

तेव्हा ठासणीच्या बंदुकीची अखेरची दशकं सुरू झाली होती. मागून भरायच्या बंदुका आल्या, काडतुसं आली. मराठीतलं 'काडतूस'ही परदेशी, पोर्तुगीज 'कार्तुशू'वरून आलेलं मानलं जातं. काडतुसात दारू, शिसं आणि ठिणगी कारखान्यातच एकत्र बसतात. शिकाऱ्याला ना साचा लागतो, ना गज. छर्र्यांची ओळख खोक्यावरच्या अक्षरांनी होऊ लागली. घरात ओतलेल्या शिशाचं नाव हळूहळू कुणाला लागेनासं झालं.

या बंदुकांनी काय संपवलं याचीही नोंद हवी. पुढच्या अंगावर पट्टे असलेला, झेब्र्याचा भाऊबंद क्वागा शिकारीने नामशेष झाला. शेवटचा १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. शब्द मात्र वेगळ्या अर्थांनी टिकला: नेदरलँड्समध्ये आज 'लोपर' म्हटलं की आठवतो तो लांब गालिचा, सर्व कुलपांना चालणारी किल्ली किंवा बुद्धिबळातला उंट.