अजिंठ्यातले जहाज आणि तेरचे कापड

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, उजव्या भिंतीवर, पाचव्या शतकातले एक जहाज आहे. तीन डोलकाठ्या, उंच उभट शिडे, नाळेवर रंगवलेले डोळे, मागे सुकाणूची वल्ही, छताखाली मांडलेले रांजण. सुक्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेल्या रंगांनी काढलेले हे चित्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरीही ते कोकणाइतकेच मराठवाड्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे. चित्रातली कथा आहे पूर्णाची, कोकणातल्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची; आणि सोपाऱ्यासारख्या बंदरांची भरभराट घाटावरून उतरणाऱ्या मालावरही चालत होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून गोमेद आणि तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. तेर लातूरच्या पश्चिमेला, तेरणेकाठी आहे. तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीला मिळते, आणि त्याच गोदावरीच्या काठी पैठण आणि नांदेडही आहेत. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीशी जवळचे साम्य दाखवते.

यावर आक्षेप येईल, की चित्रकाराने समुद्र पाहिला असेलच असे नाही. ठरावीक नमुनाही गिरवला असेल. असू शकते. पण नमुना गिरवायलाही जहाज पाहिलेला कुणीतरी लागतो, आणि सुकाणूच्या वल्ह्यांची जागा नुसत्या कल्पनेने सुचत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पेरिप्लस आणि हे चित्र यांच्यात सुमारे चारशे वर्षांचे अंतर आहे, मग या जहाजात तेरचे कापड होते असे कसे म्हणावे? तसे म्हणताच येत नाही. मात्र दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यज्ञश्री सातकर्णी या दख्खनच्या राजाने दोन डोलकाठ्यांचे जहाज आपल्या नाण्यावर घेतले. ही नाणी पूर्व किनाऱ्यावरची असली, तरी दख्खनच्या सत्तेला जहाज आपली खूण वाटत होते, हे त्यातून दिसते. अजिंठ्याच्या चित्राला त्यामुळे मागची परंपरा मिळते. म्हणून तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या वस्तू आणि अजिंठ्याचे हे जहाज शाळांतून एकत्र शिकवले पाहिजेत. मराठवाड्याची ओळख दुष्काळापुरती उरू नये. या भूमीच्या विणकरांचा आणि गाडीवानांचा सागरी व्यापारात वाटा होता, हे इथल्या मुलांना कळायलाच हवे.