उघडें राहिलेलें दार

दहावीचा निकाल लागला कीं आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. कोणी मुलाला पुण्यास धाडणार असतो, कोणाची मुलगी मुंबईच्या वसतिगृहांत राहणार असते. आणि जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढील शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाला म्हणजे त्याचे आईवडीलहि सल्ल्यासाठीं शाळेची पायरी चढतात. सर्वांचा प्रश्न बहुधा एकच: तेथील आवाराची भिंत केवढी उंच आहे, फाटकावर पहारेकरी आहे कीं नाहीं? प्रश्न वावगा नाहीं. परंतु भय तें बाहेरच्या परक्या माणसाचें, असें त्यांत गृहीत धरलेलें असतें, आणि तेथेंच आमचें त्यांच्याशीं जमत नाहीं. याचें कारण सांगण्यासाठीं एक खरी हकीकत देतों.

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया राज्यांत बेथलेहेम नांवाचें शहर आहे. तेथील लीहाय विद्यापीठांत जीन क्लेरी ही एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्या वर्षास शिकत होती. ५ एप्रिल १९८६ रोजीं पहांटे ती आपल्या खोलींत निजली असतां एका तरुणानें आंत शिरून तिच्यावर अत्याचार केला व तिचा खून केला. त्या वसतिगृहाच्या दारांना आपोआप लागणारीं कुलपें होतीं. अशीं तीन दारें ओलांडून तो आंत आला. कारण मुलांनीं आपल्या सोबत्यांच्या सोयीसाठीं पिझ्झाचीं रिकामीं खोकीं अडकवून तीं उघडीं ठेविलीं होतीं. आणि तो तरुण कोणी परका नव्हता. त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. भिंत कितीहि उंच असती तरी तिनें त्याला अडविलें नसतें.

आम्हीं कांहीं वर्षें मुलांचें वसतिगृह सांभाळलें आहे. तेथें मागच्या दाराशीं रोज रात्रीं एक वीट आढळे. आम्हीं ती उचलून दूर टाकावी, तों दुसऱ्या रात्रीं ती पुन्हां दारांत हजर! प्रथम रागावलों, मग दंड केला. उपयोग झाला नाहीं. शेवटीं एका मुलाला जवळ बसवून विचारलें, तेव्हां कळलें कीं शिकवणीहून उशिरां परतणाऱ्या दोघांना पुढच्या फाटकाशीं हांका मारमारून पहारेकऱ्यास उठवावें लागे, म्हणून सोबती वीट लावीत. मैत्रीपोटीं केलेलें काम तें! मग दाराला घंटा बसविली, दार उघडण्याची पाळी लावून दिली, आणि वीट आपोआप नाहींशी झाली. दार उघडें कां राहतें हें न विचारतां तें बंद ठेवण्याचे हुकूम काढीत बसलों, ही चूक आमचीच.

जीनच्या आईवडिलांना मागाहून असें समजलें कीं आधींच्या तीन वर्षांत त्या आवारांत हिंसेचे ३८ गुन्हे घडले होते. मुलीला तेथें ठेवतांना त्यांना याची कांहींच कल्पना नव्हती. त्यांच्या खटपटीनें १९९० सालीं त्या देशांत कायदा झाला व १९९८ सालीं त्याला जीनचें नांव देण्यांत आलें. विद्यार्थ्यांसाठीं मध्यवर्ती सरकारचें अर्थसाहाय्य घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयानें दरवर्षीं १ आक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आंकडे प्रसिद्ध केले पाहिजेत. ज्याचें स्वतःचें सुरक्षादल आहे त्यानें रोजची नोंदवही ठेवून अलीकडील ६० दिवसांची नोंद मागेल त्याला दाखविली पाहिजे. २०२४ सालीं लिबर्टी विद्यापीठाला हा कायदा मोडल्याबद्दल १ कोटी ४० लाख डॉलरांचा दंड झाला. तेव्हां हें सारें केवळ कागदावरचें नव्हे.

हा अहवाल वाचण्याची मात्र एक रीत आहे. आंकडा शून्य म्हणजे आवार निर्धास्त, असें समजूं नये. तक्रार करण्याची मुलांना धास्ती वाटत असेल तरीहि शून्यच दिसेल. उलट थोडा मोठा आंकडा कधीं कधीं विश्वासाची खूण असतो. दुसरें असें कीं त्यांत मुख्यतः आवार व त्याला लागून असलेले सार्वजनिक रस्ते येतात. आपल्याकडील पुष्कळ मुलें बाहेर चौघेपांच मिळून भाड्याच्या घरांत राहतात; त्या घराची हकीकत अहवालांत सांपडावयाची नाहीं. ती शहराच्या पोलिसखात्याकडून मिळवावी लागते.

वेळेवर सूचना न मिळाल्यानें काय होतें, हें १६ एप्रिल २००७ रोजीं व्हर्जिनिया टेक या विद्यापीठांत दिसलें. सकाळीं सव्वासातच्या सुमारास वसतिगृहांत दोघांना गोळ्या घातल्या गेल्या; विद्यार्थ्यांना पहिला संदेश गेला तो नऊ वाजून सव्वीस मिनिटांनीं. पुढें थोड्याच वेळांत त्याच माणसानें दुसऱ्या इमारतींत आणखी तीस जणांचे प्राण घेतले. मृतांत मुंबईहून शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनी होती. संकटाची सूचना तत्काळ दिलीच पाहिजे, अशी भर कायद्यांत २००८ सालीं पडली.

आपल्याकडे महाविद्यालयानें सर्व गुन्ह्यांची यादी छापावी असें बंधन नाहीं. तेव्हां पालकांनीं तोंडानेंच विचारावें, तेंहि प्राचार्यांइतकेंच तेथें राहणाऱ्या मुलांना. रॅगिंगपुरता मात्र महाराष्ट्रांत १९९९ चा कायदा आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आंत संस्थेच्या प्रमुखानें चौकशी केली पाहिजे. त्यानें दुर्लक्ष केलें तर तोहि गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरतो. सबंध देशासाठीं विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत, व त्यांअन्वयें विद्यार्थी व पालक दोघांनाहि प्रतिज्ञापत्र द्यावें लागतें. बहुतेक पालक तें न वाचतांच सही करतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

पुष्कळ मुली आपल्याला होणारा त्रास घरीं कळवीत नाहींत. त्रासापेक्षां ‘शिक्षण पुरे, परत ये’ या शब्दांचें त्यांना अधिक भय वाटतें. गेल्या वर्षीं एका वडिलांनीं आमच्यासमक्ष आपल्या मुलीला शब्द दिला कीं, तूं कांहींहि कळविलेंस तरी तुला विचारल्यावांचून कॉलेजांतून तुझें नांव काढणार नाहीं. दिवाळीपूर्वीं तिनें वडिलांना फोन केला. दोघांनीं मिळून अर्ज लिहिला, चौकशी झाली, आणि त्रास देणाऱ्या तिघींना वसतिगृह सोडावें लागलें. ती अद्याप त्याच खोलींत राहते.